पहिल्या रविवारचा आदला शनिवार

२४ नोव्हेंबर, शनिवार. दुपारभर चर्चच्या मागच्या खोलीत प्रभूभोजनाचे पेले धुतले. उपासनेत घोटभर द्राक्षरस घ्यायचे, अंगठ्याएवढे काचेचे पेले. पुढच्या रविवारी मुलांचं दृढीकरण आहे, माणसं जास्त येणार, म्हणून कपाटातले जुने पेलेही काढले. कोमट पाणी, चिमूटभर सोडा, मग दोनदा साधं पाणी, मग पांढऱ्या फडक्यावर उपडे. खिडकीतून ऊन येतं आणि काचा अशा उजळतात की हात आपोआप हळू होतात. एरवी माझा हात हळू चालत नाही; मी इस्पितळात वॉर्डची सिस्टर आहे. पण हात पाण्यात असले की मन कुठेही जातं, आणि माझं बहुतेक वेळा गावी जातं.

सोबत सोनवणेबाई होत्या. पुसता पुसता त्या म्हणाल्या, "अहो, बारा वर्षं धुताय. पिणार कधी?"

मी म्हटलं, "पुसा नीट, डाग राहिलाय."

पण त्या विचारतात ते खरं आहे. बारा वर्षं मी प्रभूभोजन घेतलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी पेल्यांचं तबक माझ्या रांगेत येतं आणि मी ते शेजारणीकडे सरकवते. का, ते एकदा लिहून ठेवते. गावी राहिलेल्यांनी वाचावं आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनीही.

मी घर सोडलं तेव्हा अठरा वर्षांची होते. नगरच्या पलीकडे, प्रवरेच्या पाण्यावर उसाचं आमचं गाव. पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि एसटी सकाळी सहाची होती. बाहेर कालव्यावरून धुकं येत होतं. घरात कंदील, चुलीचा धूर, दाराशी माझी पत्र्याची पेटी. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी चटई अंथरली आणि सगळ्यांना बसवलं. आई, मी, माझा मोठा भाऊ शमुवेल आणि स्वतः. म्हणाले, "मागे काही ठेवून निघायचं नाही. सांगा."

हा आमच्या घरचा रिवाज. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन, म्हणून आदल्या शनिवारी दिवेलागणीला चटई अंथरायची. प्रत्येकाने ज्याचं त्याच्यापाशी, नाव घेऊन, आपलं चुकलेलं सांगायचं आणि माफी मागायची. समोरच्याने 'केलं माफ' म्हणायचं. घरात कुणाशी वाकडं असेल तर दुसऱ्या दिवशी पेल्याला हात लावायचा नाही. "माझं काही चुकलं असेल तर" अशी सुरुवात कुणी केली की बाबा थांबवायचे. "काय चुकलं ते सांग. मोघम माफी म्हणजे पत्ता न लिहिलेलं पत्र."

त्या पहाटे दादाने कबूल केलं की माझ्या नर्सिंगच्या अर्जावर चहाचा कप त्याने ठेवला होता. महिनाभर मी तो डाग आईच्या नावावर लावला होता, म्हणजे मलाही आईची माफी मागावी लागली. आई हसू दाबत म्हणाली, "केलं माफ, आता खाऊन घे. उपाशीपोटी प्रार्थना करू नकोस, लक्ष लागत नाही." मग दादाने पेटी सायकलला बांधली. गाडी हलली तेव्हा धुक्यात तो, सायकल आणि स्टँडवरचं लिंबाचं झाड एकच आकार झाले होते. नंतर कितीतरी वर्षं बसच्या खिडकीशी डुलकी लागली की तोच आकार दिसायचा. मी हडपसरच्या बसमध्ये आहे की गावच्या, हे जागं झाल्यावर क्षणभर कळायचं नाही.

पुण्यात आल्यावर होस्टेलच्या खोलीत चटई अंथरायला जागा नव्हती. मग मी पत्र लिहायला लागले. महिनाअखेरीस पोस्टात टाकायचे, म्हणजे शनिवारपर्यंत पोचायचं. त्यात काय चुकलं ते नेमकं. बाबांना न सांगता सिनेमा पाहिला. आईने दिलेली गोधडी मैत्रिणीला दिली. उलट टपाली बाबांचं कार्ड यायचं, दोन ओळींचं. 'केलं माफ. अभ्यास कर.' कधी दादाही खाली लिहायचा की म्हैस विकली, मला विचारायला हवं होतं, माफ कर. म्हशीशी माझा काय संबंध, पण मी 'केलं माफ' लिहून पाठवत असे. गाव तिथे होतं, मी इथे, आणि महिन्यातून एकदा आम्ही एकमेकांना शिवून जायचो.

पुढे लग्न झालं, हडपसरला घर केलं. नवरा कारखान्यात. तेव्हा आमच्या गच्चीवरून कांद्याची शेतं दिसायची. संध्याकाळी पाटाचं पाणी चमकलं की वाटायचं, दोन पावलं टाकली तर आपलंच गाव लागेल. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि चमकतात त्या खिडक्या. पण शनिवारची चटई मी सुरू केली ती आजतागायत चालू आहे. शिफ्ट असली तर वेळ बदलते, वार बदलत नाही. नवरा पहिल्या वर्षी म्हणाला, "हे काय, ड्यूटी लावल्यासारखं?" मी म्हटलं, "ड्यूटीच आहे."

आई आधी गेली. नंतर बाबांना अर्धांगवायू झाला. तीन वर्षं ते खाटेवर होते. दादा आणि वहिनीने त्यांचं सगळं केलं, अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. परिचारिका मी, आणि सेवा त्यांनी केली. मी सुट्टी मिळेल तशी जायचे, औषधं लिहून द्यायचे, सूचना करायचे आणि परत यायचे.

बाबा बारा वर्षांपूर्वी मे महिन्यात गेले. वॉर्डात फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बदली मिळायला वेळ गेला, नगरला गाडी चुकली, आणि मी पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. माती झाली होती. वाटेत लागलेल्या कबरीवरची, दिवसभर उन्हात राहिलेली फुलं मान टाकून बसली होती. अंगणात गाव बसलेलं, आणि दादा मला पाहून उठला. तो काही बोलायच्या आत मी म्हटलं, "माझी वाट नाही पाहिलीस. बाबांच्या जाण्याची मात्र तीन वर्षं पाहिलीस."

दादा परत खाली बसला. मी त्याच पावली निघाले.

दोन वर्षांनी वहिनी डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्यात आली. डोळ्याला पट्टी बांधलेली असताना ती म्हणाली, "ताई, मातीला आलेले पाळकसाहेब चार वाजता निघणार होते. त्यांना अजून दोन गावं होती. यांनी दोनदा चहा देऊन पावणेसहापर्यंत बसवून ठेवलं हो. उन्हाचं काय व्हतंय ते तुम्हाला ठावं."

मला ठाऊक होतंच. मेमधल्या मृतदेहाचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दादाच्या जागी असते तर मी चारलाच उरकलं असतं.

हे कळूनही मी दहा वर्षं गप्प राहिले. नियम पाळत राहिले, त्यातला सोपा अर्धा. वाकडं असेल तर पेला घ्यायचा नाही, तो मी घेतला नाही, एकदाही नाही. आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. बाकीचे मनात काय काय घेऊन पितात, मी निदान प्रामाणिक आहे, असं. तबक पुढे सरकवताना मी डोळे मिटायचे आणि गावचं अंगण दिसायचं, चटई, चटईवर आई, बाबा, दादा. सगळे माझ्याकडे पाहताहेत. गाणं संपलं की डोळे उघडायचे, आणि मी घरी येऊन भात लावायचे.

माझी मुलगी रूथ पंधरा वर्षांची आहे. पुढच्या रविवारी तिचं दृढीकरण, म्हणजे ती पहिल्यांदा प्रभूभोजन घेणार. बुधवारी ती दृढीकरणाच्या वर्गावरून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, गेल्या महिन्यात क्लास बुडवून बुधवार पेठेत मैत्रिणीसोबत पुस्तकं बघत फिरले, तुला खोटं सांगितलं, माफ कर. मी 'केलं माफ' म्हटलं. ती उठली नाही.

"आता तू सांग. तू कप का घेत नाहीस? मामामुळे ना?"

कुणी सांगितलं, असं मी विचारलं. म्हणाली, सगळ्यांना माहीत आहे.

"मग मामाला फोन कर."

मी म्हटलं, ते इतकं सोपं नसतं.

"मला दर महिन्याला चटईवर बसवतेस तेव्हा सोपं असतं? आई, हे कन्सिस्टंट नाहीये." आवाज चढवला नव्हता तिने. "आपल्या घरात वाकडं असेल तर घ्यायचं नाही ना? मामा घरातलाच आहे. तू नाही घेतलंस तर मीही नाही घेणार. नियम म्हणजे नियम."

हट्ट म्हणून सोडून द्यावं तर ती माझीच मुलगी. नवऱ्याने समजावलं, पाळकांनी समजावलं, ती हो-ला-हो म्हणाली आणि जागची हलली नाही. मी बारा वर्षं बसून राहिले ते एकटीच्या हिशेबावर, असं मला वाटत होतं. आता पंधरा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी बसायला आली होती, आणि एकदा बसायची सवय लागली की उठणं किती अवघड असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

पेले धुऊन झाले. सोनवणेबाईंना सांगितलं, उद्या मी उपासनेला नाही. त्या हातातलं फडकं विसरून माझ्याकडे बघत राहिल्या.

२५ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेपाचची एसटी शिवाजीनगरहून पकडली. बारा वर्षांत पुण्यातली उपासना चुकवली ती आजच. फोन करता आला असता, पण जे गावासमोर बोलले ते फोनवर परत घेता येत नाही. नगर सोडल्यावर ऊस लागला, तुऱ्यांवर ऊन, आणि मी झोपेत होते की जागी ते सांगता येणार नाही.

दादा ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. केस पार पांढरे झालेत. वाटेने उपासनेला निघालेली चारपाच माणसं मला पाहून थांबली. थांबली ते बरंच झालं.

मी उभ्यानेच म्हटलं, "दादा, बाबांच्या मरणाची तू वाट बघत होतास असं मी म्हणाले. ते खोटं होतं. तू माझ्यासाठी पाळकांना अडवून ठेवलंस हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे, तरी मी आले नाही. माफ कर."

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधून घेतली. मग म्हणाला, "केलंय की. त्याच महिन्यात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कळवायचं राहिलं." मग स्वतःच म्हणाला, "राहिलं नाही. तू आधी यावंस असं वाटत होतं. माझं ते चुकलं. अडलो होतो तिथंच."

"केलं माफ," मी म्हटलं. वाटेवरची माणसं खाली बघत पुढे गेली. आतून वहिनी विचारत होती, ताई, चहा दूध घातलेला की कोरा.

घर कुठलं, असं मला पुण्यात कुणी विचारलं की मी हडपसर सांगते. तेच खरं आहे. पण माझी चूक शब्दन् शब्द माहीत असलेलं माणूस इथे ओट्यावर बसलंय, आणि त्याने बूट घातलेत ते उपासनेला जायला.

चहा झाला. दादा म्हणाला, "अजून वेळ हाय. कबरीवर जाऊन येतीस?"

"नको," मी म्हटलं. "बाबांशी माझं काही वाकडं नव्हतं."

तो हसला, बाबांसारखा, आवाज न करता. मग घंटा झाली आणि आम्ही चालत गेलो, तो पुरुषांच्या बाजूला बसला, मी वहिनीजवळ. प्रभूभोजन पुढच्या रविवारी, पुण्यात, रूथच्या शेजारी.