सारसाचा पत्ता मी सांगितला

बायकोचा धाकटा भाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. एका उन्हाळ्यात तो सानगडीला आमच्याकडे आला तेव्हा त्याने आपला जुना कॅमेरा मला देऊन टाकला आणि लॅपटॉप उघडून दोन तास फोटो दाखवत बसला. डोक्यावर तुरा आणि चोचीभोवती काळा पट्टा असलेला एक लालभडक पक्षी. पाखरांसाठी टांगलेले दाणे उलटी लटकून चोरणारी करडी खार. कुंपणाशी उभी हरणी आणि तिचं ठिपक्यांचं पिल्लू. मला वाटलं, हा कुठल्या तरी मोठ्या जंगलात जाऊन आला असेल. तो हसला.

"जिजाजी, हे सगळं माझ्या घराच्या मागचं आहे. नाही तर कोपऱ्यावरच्या बगीच्यातलं. दूर कुठे मी जातच नाही. तुम्ही पण घरामागे जे येते तेच काढत जा."

मी तेव्हा सानगडीला लाइनमन होतो. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेला पहिलाच. वडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. कॅमेरा आमच्या मोहल्ल्यात फक्त लग्नात दिसायचा, त्यामुळे मी तो गळ्यात अडकवून घरामागच्या वाडीत पपईखाली बसलो की शेजारी कुंपणावरून विचारत, "काय पाहून राहिले जी?" मी बुलबुल काढले. जास्वंदीवर येणारा शिंजीर काढला. विहिरीच्या भिंतीत राहणारं पिंगळ्याचं जोडपं काढलं. मोरीच्या पाण्यावर दुपारी येणारा मुंगूस काढायला मला तीन आठवडे लागले. मेहुणा तिकडून त्याच्या अंगणातले पाठवायचा, मी इकडून माझे. त्याने एक पाठवला की मला एक पाठवावासा वाटे. पुढे पुढे कामावर जातानाही कॅमेरा मोटरसायकलच्या डिकीत असायचा.

सारस मात्र मी कधी काढला नव्हता. भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा सारस गोंदियाकडे गेले असं आमच्याकडे म्हणत. पाखरं कुठे गेली नव्हती, त्यांची तळी तिकडच्या वाट्याला गेली होती. आमच्या बाजूला उरली ती इतकी थोडी की कोणी पाहिली म्हटलं तर लोक खरं मानत नसत.

एका पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपत आली होती तेव्हा, फुटलेला इन्सुलेटर बदलायला मी शेतातल्या एका खांबावर चढलो. वरून खाली पाहिलं तर हिरव्यागार बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, मधोमध एक तुकडा रोवलेला नव्हता. तिथे पाण्यात गवताचा ढीग होता, ढिगावर दोन मोठी पांढुरकी अंडी आणि शेजारी माणसाएवढा उंच पक्षी, करडा, लाल मानेचा. दुसरा जरा दूर शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभा होता. माझे हात तसेच थांबले. काम पुरं करून खाली उतरलो तेव्हा शेताचे मालक खांबाच्या बुडाशी येऊन उभे होते. साठीच्या पुढचे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांना सगळे काकाजी म्हणत, मीही म्हणायचो.

"दिसले ना तुमाले?"

"दिसले. तेवढं रोवलं नाही तुम्ही?"

"कसं रोवू? आमच्या आधी ते बसले होते. रोवणाऱ्या बायांले म्हनलं, तेवढं सोडून द्या."

मी विचारलं, फोटो काढू का.

"काढा. पन धुऱ्याच्या अलीकडूनच. आन एक आहे, लाइनमन. कोनाले सांगू नका. दोन सालाखाली सांगतलं होतं मी एकाले, तं अंडे गेले."

"नाही सांगत, काकाजी."

"मंग काढा."

त्यानंतर महिनाभर मी रोज सकाळी कामाआधी तिथे जात होतो. काकाजींच्या बायकोने, काकूंनी, मला बसायला एक जुना पाट दिला होता. त्या चहा आणून देत आणि माझ्याबरोबर खाली बसून पाहत. नर आणि मादी पाळीपाळीने अंड्यांवर बसतात हे मला त्यांनी दाखवलं. "आमच्या घरी असं नाही जी," म्हणायच्या आणि काकाजींकडे पाहून हसायच्या. ती माझ्या आयुष्यातली फार चांगली सकाळ होती, रोजची. खोटं कशाला सांगू.

विजेची लाइन त्या बांधीवरूनच जात होती. तिच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं असं नाही. पण सारस धुऱ्यावरून चालत लांब जायचे, मोकळ्या जागी धावत जाऊन उडायचे आणि तार टाळून वळसा घेऊन उतरायचे. त्यांना तार माहीत आहे असं मी धरून चाललो.

एका सकाळी पहिलं अंडं फुटलं. मादीच्या पंखातून विटकरी रंगाचं एवढंसं डोकं बाहेर आलं, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मादीने मान वाकवून चोच त्याच्याजवळ नेली. तो फोटो मला मिळाला. तसा फोटो मी आधी काढला नव्हता आणि नंतरही काढला नाही.

मेहुण्याला पाठवला. त्याने लगेच फोन केला, तोंड भरून कौतुक केलं. तिथेच थांबायला हवं होतं.

मोबाइलवर पक्षी पाहणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यात नागपूरचे डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी होते आणि एका ओळखीच्या वनरक्षकाने मलाही घेतलं होतं. मी तिथे कधी काही लिहीत नसे. त्याच दिवशी कोणी तरी लिहिलं होतं की भंडारा जिल्ह्यात आता सारस पिल्लं काढतच नाहीत. मी काही न लिहिता तो फोटो टाकला. गावाचं नाव टाकलं नाही, तेवढं भान होतं. तासाभरात फोन तापला. आणि संध्याकाळी नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांचा फोन आला.

"सर, मी तीस वर्षं पक्षी पाहतोय. असा फोटो आपल्याकडे कोणी काढलेला नाही, सर."

मला आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं. लोक मला लाइनमन म्हणत, लाइट गेली की शिव्याही देत. वडिलांना तर गावात नावानेसुद्धा नीट कोणी हाक मारली नाही. डॉक्टर बोलत राहिले. मग म्हणाले, "मी एकटाच येईन, दुरून पाहीन, कोणाला सांगणार नाही. जागा कुठली, सर?"

मी सांगितली. रस्ता सांगितला, वळण सांगितलं, खांबांची ओळ सांगितली. "फक्त तुम्हाला सांगतो," असंही म्हणालो. बायको चुलीशी होती, तिने मान वर करून पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "काकाजीले शब्द देला होता ना तुमी?"

"डॉक्टर आहेत ते," मी म्हणालो.

रविवारी सकाळी डॉक्टर आले. सोबत आणखी दोघे होते, पण तिघेही शांतपणे माझ्याजवळ बसले, फोटो काढले आणि गेले. काकाजी तालुक्याला गेले होते. काकूंनी चहा दिला, पण त्या दिवशी खाली बसल्या नाहीत. मला वाटलं, निभावलं.

दुपार कलल्यावर काकूंचा निरोप आला, लवकर या. मी पोचलो तर रस्त्याला चार गाड्या उभ्या होत्या. धुऱ्यावर दहाबारा माणसं होती, लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेली. मी एकालाही ओळखत नव्हतो. काकू हात हलवून ओरडत होत्या, "मांगं व्हा जी, मांगं व्हा!" एक जण पँट वर दुमडून बांधीत उतरला होता आणि धान तुडवत ढिगाकडे चालला होता, कॅमेरा डोळ्याला लावून. मीही ओरडलो. त्याने हात वर केला, एक मिनिट, अशा अर्थाने.

नर पिल्लाला घेऊन पलीकडच्या धानात शिरला. मादी दुसऱ्या अंड्यावर होती. ती उभी राहिली, मोठ्याने ओरडली, तरी माणूस थांबला नाही. मग ती जागच्या जागी उडाली. धावायला तिला जागा नव्हती, वळायलाही नव्हती. तिचे दोन्ही पंख दोन तारांना लागले. मोठा आवाज झाला, ठिणगी पडली आणि ती खाली पाण्यात आली.

खिशातला फोन वाजला. सबस्टेशनवरचा ऑपरेटर होता. "लाइन ट्रिप झाली, कुठं आहे फॉल्ट?"

"मी फॉल्टपाशीच आहे," मी म्हणालो. "चालू करू नको."

मी पाण्यात गेलो. एका पंखाची पिसं जळून काळी झाली होती आणि त्यांचा वास येत होता. मान माझ्या हातावर पडली, ती अजून गरम होती. मी तिला उचललं तेव्हा धुऱ्यावरून कॅमेऱ्यांचे आवाज ऐकू येत होते. ते त्याचेही फोटो काढत होते. त्यांना मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो? काकूंनी घरातून काकाजींचं जुनं धोतर आणून तिच्यावर घातलं. तोवर गाड्या एकेक करून निघून गेल्या होत्या.

दिवस मावळायच्या आत वनखात्याची माणसं आली. पंचनामा झाला. विजेच्या तारेला धडकून मृत्यू, असं लिहिलं गेलं. साक्षीदार म्हणून मी सही केली. लोक का आले होते, त्यांना कोणी सांगितलं होतं, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या सहीवर तो कागद पुरा झाला.

काकाजी शेवटच्या बसने उतरले ते सरळ बांधीवर आले. काकूंनी त्यांना फोनवर सगळं सांगितलेलं असावं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमी सांगतलं का?"

"हो, काकाजी."

"बरं," ते म्हणाले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते धुऱ्यावर बसले आणि काकूंना म्हणाले, "पिल्लू दिसते का पाह्य."

पिल्लू दिसलं. तीन दिवस नर त्याला घेऊन फिरत होता. दुसऱ्या अंड्यावर कोणी बसलं नाही. चौथ्या दिवशी पिल्लू नव्हतं. कुत्र्याने नेलं की मुंगसाने, ते कळलं नाही. नर धान पिवळं होईपर्यंत तिथेच राहिला. सारस जोडीने ओरडतात, एकाच्या हाकेत दुसऱ्याची मिसळते. तो एकटा ओरडायचा आणि मध्येच थांबायचा. मी ते रस्त्यावरूनच ऐकलं. बांधीवर जायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टरांचा फोन आला होता. फार वाईट झालं म्हणाले, त्यांनी फक्त दोन मित्रांना सांगितलं होतं म्हणाले. ते खरं बोलत असतील. मीही फक्त एकालाच सांगितलं होतं. तारेवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावाव्यात म्हणून मी आमच्या वीज कार्यालयातल्या साहेबांना अर्ज दिला, पुन्हा दिला. साहेबांनी तो वर पाठवला, आणि तो वरच राहिला.

पुढच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मी धीर करून गेलो. बाया ओळीने वाकून रोवत होत्या, काकाजी पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या फेकत होते. मी धुऱ्यावर उभा राहून म्हणालो, "काकाजी, माझं चुकलं."

त्यांनी हातातली पेंडी फेकली. "तुमचं चुकलं तं आमी काय करू आता, लाइनमन?" ते रागावलेले नव्हते. "चहा घेऊन जा. थे घरी आहे."

मी घरी गेलो नाही. काकूंसमोर बसून चहा पिणं मला जमलं नसतं. त्याच वर्षी मी बदली मागून घेतली आणि चिखल्याच्या बाजूला आलो, मॅंगनीजच्या खाणीकडे. इथल्या इन्सुलेटरवर खाणीची धूळ बसते, ती पुसायला चढावं लागतं. खांबावरून मी आता आजूबाजूला पाहत नाही. घरामागे इथेही पाखरं येतात, बायको त्यांना पाणी ठेवते. मी तिकडे पाठ करून जेवतो.

तो नर त्यानंतर सानगडीच्या बाजूला कोणाला दिसला की नाही, ते मला माहीत नाही. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.