तेरवीचं ताट

माझे पती नागपूरहून ऑपरेशन करून पांढरकवड्याला परतले, तेव्हा त्यांची थोरली बहीण भेटायला आली. आता शौच पोटावरच्या छिद्रातून पिशवीत जमतं, हे मी तिला नीट समजावलं. तिनं नाकाला पदर लावला.

"वास येऊन राह्यला वं. याचं ताट अलग ठेवत जाय," ती त्यांच्यासमोरच म्हणाली.

पिशवी मी नुकतीच बदलली होती. वास नव्हता. पण त्यांनी तिचंच खरं मानलं. त्या दिवसापासून ते पुढच्या खोलीत, शर्ट न काढता निजू लागले. मी जवळ बसले की उशी पोटावर ओढून घ्यायचे.

"तुलेही येत असन, तू बोलत नाहीस," म्हणायचे.

ते जाईपर्यंत त्यांनी मला पुन्हा कुशीत घेतलं नाही. त्या काळात मी तिला मनातल्या मनात बरंच काही सुनावलं.

तेरवीला ती आली. पंगतीत तिच्यापुढे मी त्यांचंच ताट मांडलं. आमच्या लग्नातलं, मधोमध त्यांचं नाव कोरलेलं. नावावर भात वाढला, वर वरण. जेवता जेवता भात सरला आणि नाव उघडं पडलं. तिचा हात थांबला.

"वास येते का, ताई?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

ती रडू लागली. मी त्या नावावर आणखी भात वाढला.

"संपवा," म्हणाले, आणि तिनं शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलले नाही.