तिचा केसपेपर

मी मॉरिशसची. माझे खापरपणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले. मराठी मला आजीकडून मिळाली, उच्चार मात्र तिकडचेच राहिले. पुण्यात शिकायला आले, फ्रेंचच्या शिकवण्या मिळत गेल्या आणि राहिले. व्हिसाचे कागद निघाले की मी परदेशी. एरवी रस्त्यावर कुणी मान वळवूनही बघत नाही. याचं मला सुखच वाटायचं.

कर्वेनगरातल्या त्या बायकांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले ते पाळी मागेपुढे होत होती म्हणून. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराबाहेर चपला. काउंटरवरच्या बाईंनी आधार कार्ड मागितलं. मी पासपोर्ट पुढे केला.

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "मागच्या वेळी आधार दिलं होतंत की."

"मी पहिल्यांदाच येतेय."

"असं का," म्हणून त्यांनी फॉर्म सरकवला. पटलेलं दिसत नव्हतं.

बाकावर बसले तर फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. "ताई, लई दिसांनी. बरं हाय ना आता?"

त्यांच्या स्वरात इतकी काळजी होती की नाही म्हणणं मला जड गेलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा उजळला. ती मान हलवल्याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टर पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. मला पाहताच म्हणाल्या, "सोनोग्राफी करून या म्हटलं होतं. दीड वर्षानं उगवलात. आम्ही इथे शोभेला बसतो का?"

"कसली सोनोग्राफी?"

"गाठीची."

"मला गाठ नाही, डॉक्टर. मी इथे कधीच आलेले नाही."

त्यांनी माझा पासपोर्ट उघडला. दीड वर्षापूर्वी त्या महिन्यात मी मॉरिशसला घरी होते, शिक्के होते. बराच वेळ त्या कधी फोटोकडे, कधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढला.

"माफ करा. वारज्याच्या एक बाई यायच्या. मी सहसा चेहरा विसरत नाही." आणि जरा थांबून, "आलाच आहात, तर तपासून घेऊ."

पडद्याआड टेबलावर पडले. त्यांची बोटं डाव्या स्तनावरून फिरली, खाली आली आणि एका जागी थांबली. पुन्हा तिथेच आली.

"दुखतं?"

"नाही."

"कधी हाताला लागली नव्हती?"

माझा हात त्यांनीच तिथे नेला. वाटाण्याएवढं काहीतरी कातडीखाली सरकलं. बाहेर काउंटरच्या बाई कुणाला तरी थांबायला सांगत होत्या, ते मला फार लांबून ऐकू आलं.

पडद्याबाहेर डॉक्टरांच्या टेबलावर त्या बाईंचा जुना केसपेपर काढून ठेवला होता. त्यावर पेनानं काढलेलं वर्तुळ आणि त्यात, डावीकडे खाली, एक ठिपका. डॉक्टरांनी तो हातानं झाकला, पण मी पाहिला होता.

"अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात," त्या म्हणाल्या. "उगाच काही मनात आणू नका." हात मात्र त्यांनी उचलला नाही.

महिन्याभरात तपासण्या झाल्या, गाठ काढली. साधी निघाली. रिपोर्ट हातात आल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, "आणि त्या?"

"त्यांचा फोन बंद आहे. मावशी वारज्यातच राहतात. त्यांना बघून यायला सांगितलंय."

टाके दाखवायला गेले तेव्हा मावशींनी मला बाजूला घेतलं. "खोलीला कुलूप हाय. पण वॉचमन म्हणतो, त्या बाई इथंच हायत. परवाच भाजीची पिशवी घेऊन जाताना बघितलं म्हणतो."

मला आधी हायसं वाटलं. दोन पावलं गेल्यावर पाय थांबले. वारज्यात आठवड्यातून दोनदा माझी शिकवणी असते. येताना मी तिथेच भाजी घेते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मावशी त्या इमारतीशी गेलो. वॉचमन खुर्चीवरून उठला, ओळखीचं हसला. "काय ताई, आज गेटातून? नेहमी समोरनंच जाता."

"तुम्ही जिला बघता ती मी," मी म्हटलं. "त्या बाई वेगळ्या. मी या इमारतीत कधी राहिलेले नाही."

माझे उच्चार ऐकून त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं मावशींकडे पाहिलं, मावशींनी मान हलवली. मग तो वरच्या मजल्यावरच्या बंद खिडकीकडे बघत राहिला.

"मग त्या कधीपासनं नाहीत?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे घरमालकाचा नंबर मागितला.

घरमालकाला फोन लावला. करार त्या बाईंच्या नवऱ्याच्या नावावर होता. भाडं येत होतं, म्हणून मालकानं चौकशी केली नव्हती. डॉक्टरांनी पोलीस चौकीत अर्ज दिला. तिथल्या हवालदारानं माझ्याकडे बघून विचारलं, "बेपत्ता कोण, ह्या?" नंतर एवढंच कळलं की नवरा परगावी आहे आणि बायको माहेरी गेल्याचं सांगतो. माहेरचा पत्ता त्यानं दिला नाही. त्यापुढचं मला माहीत नाही.

शिकवणी मी सोडलेली नाही. मंडईत कुणी ओळखीचं हसलं की मी थांबते, आणि आधी बोलते, म्हणजे माझे उच्चार त्यांना ऐकू येतील. मग विचारते, "त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?" बहुतेक जण आठवायला लागतात, आणि बोलता बोलता मलाच विचारतात, "म्हणजे परवा दिसल्या त्या तुम्हीच?"