पाठमोरा पहारा

आफ्का वीर्समाने आमच्या प्रांतातल्या निम्म्या माणसांना गाडी चालवायला शिकवली, असे तिचे विद्यार्थी सांगतात. तिला हा आकडा मान्य नाही. "निम्म्यांना नाही रे," ती म्हणते, "जे नीट चालवतात, तेवढ्यांनाच."

मी तिच्याकडे शिकायला गेलो तेव्हा खेड्यातून नुकताच शहरात आलो होतो. वडिलांच्या ट्रॅक्टरवर वाढल्यामुळे आपल्याला सगळे येते, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी चौकात उजवीकडे वळताना तिने स्वतःच्या बाजूचा ब्रेक असा दाबला की माझी हनुवटी छातीवर आपटली.

"काय बघत होतास?"

"समोरचा ट्रक."

"ट्रक सगळ्यांनाच दिसतो. त्यासाठी मला पैसे कशाला देतोस? जिकडे काही घडत नाही, तिकडे बघायला शीक."

त्या काही न घडणाऱ्या बाजूने एक बाई, दोन मुलांना सायकलच्या पुढच्या पेटीत बसवून, आमच्या काचेला जवळजवळ घासून शांतपणे निघून गेली. धाकट्याने मला जीभ दाखवली.

परीक्षा पास झालो त्या दिवसापर्यंत मी तिला 'तुम्ही' म्हणत होतो. परवाना हातात पडल्यावर तिने खिशातून खारट ज्येष्ठमधाच्या वड्या काढल्या, एक मला दिली आणि म्हणाली, "झालं. आता 'आफ्का' म्हण. आणि शनिवारी काही काम नसेल तर कुंपणाशी ये. तुला मान वळवायची सवय लागली आहे, ती फुकट जाऊ नये."

कुंपण म्हणजे विमानतळाचे. माळाच्या कडेला, धावपट्टीच्या मध्याच्या समोर, आमच्या मंडळींनी वर्षानुवर्षे उभे राहून गवताचा एक पट्टा मातीचा करून टाकला आहे. प्रत्येकाची घरातली घडीची शिडी असते, कारण तारेच्या वरून कॅमेरा धरावा लागतो. थर्मासमधली कॉफी आणि तिच्याबरोबर एक बिस्किट, एकच, ही इथली शिस्त. आमच्यात टपाल खात्यातून निवृत्त झालेला मेनो आहे. तो अपघातांचे सरकारी अहवाल लोक कादंबऱ्या वाचतात तसे वाचतो आणि शेवट कुणाला आधी सांगत नाही. फुलांचा ठेला चालवणारा फोक्के आहे. त्याचा आवाज विमानाच्या आवाजातही ऐकू येतो. आणखी दोघे-तिघे असतात. कुंपणाबाहेरच्या माणसांना आम्ही थोडे खुळे वाटतो, आणि त्याबद्दल आमची फारशी तक्रार नाही.

या खुळ्यांचे तीन नियम आहेत. विमानाच्या अंगावरची नोंदणीची अक्षरे स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, तरच ते विमान आपण पाहिले. दुसऱ्याच्या फोटोवर, फोनवरच्या नकाशावर किंवा नुसत्या आवाजावर काहीही मोजायचे नाही. कुठे काही दुर्घटना झाली तर अहवाल येईपर्यंत कारणाविषयी तोंड उघडायचे नाही. आणि तिसरा नियम पाठमोऱ्या पहाऱ्याचा. एखादे दुर्मीळ विमान येते आणि सगळ्यांच्या माना एका दिशेला वळतात, तेव्हा एकाने त्या विमानाकडे पाठ करून उरलेले मैदान पाहायचे. पूर्वी एकदा लढाऊ विमानांची रांग बघता बघता मागून एक चिमुकले लाकडी विमान उतरून, इंधन भरून, परत उडून गेले. तसले विमान या मैदानावर पुन्हा कधी आले नाही, आणि त्याची अक्षरे कुणीच वाचली नव्हती. तेव्हापासून हा पहारा. तो ठरलेल्या क्रमाने येतो आणि त्याची अदलाबदल होत नाही.

आफ्काला आयुष्यात एक विमान बघायचे होते. सोव्हिएत काळात बांधलेले, चार इंजिनांचे मालवाहू धूड. प्रत्येक इंजिनावर एकामागे एक दोन पंखे, आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. तिच्या तरुणपणी एकदा ते इथेच येऊन गेले होते. पण धुक्यात आले आणि धुक्यातच गेले. तिला फक्त आवाज मिळाला. "कानांनी नाही, पोटाने ऐकलं मी ते," असे ती सांगायची. इतरांनी नंतर बातमीवरून ते आपल्या खात्यात जमा केले. तिने केले नाही. मध्यंतरी ती विमाने एकेक करून संग्रहालयांत गेली, आणि उडणारे जवळजवळ एकच उरले.

त्या नोव्हेंबरात बातमी आली की वीजकेंद्राचा कसलासा अवजड भाग घेऊन ते एक विमान आमच्याकडे येणार आहे. कदाचित पुन्हा कुठेच जाणार नाही. आफ्काने त्या सकाळची सगळी शिकवणी पुढे ढकलली. तिच्या कारकिर्दीत असे पहिल्यांदाच घडत होते. आम्ही सगळे जमलो, शिड्या उघडल्या, आणि फोक्केने कॉफी ओतता ओतता विचारले, "आज पहारा कुणाचा?"

जो तो आपल्या कपात बघू लागला. कारण सगळ्यांना माहीत होते.

"माझा," आफ्का म्हणाली.

"छे, काहीतरीच! मी करतो आज. मला तर नुसती फुलं ओळखता येतात."

"तुझा पुढच्या वेळी आहे."

"अगं आफ्का, हे विमान परत येणार नाही! नियम काय देवाने दिलाय?"

"नियम तूच मांडला होतास, फोक्के. कॉफी सांडतोयस." तिने शिडी उचलली आणि पश्चिमेकडे तोंड करून मांडली. "खाली उतरलं की माझ्यासमोरूनच धावत जाईल ना? तेव्हा वाचीन. तेवढं नियमात बसतं."

बसत होते. आम्ही आपापल्या शिड्यांवर चढलो.

पूर्वेच्या आकाशात आधी एक ठिपका दिसला, मग त्याला खांदे फुटले. तेवढ्यात नियंत्रण मनोऱ्याने वाट बघणाऱ्या एका छोट्या प्रवासी विमानाला उडण्याची परवानगी दिली. ते रोजचेच, आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते आमच्यासमोरून धावत गेले आणि पश्चिमेला हवेत उचलले गेले. आमचे सगळे कॅमेरे पूर्वेला होते.

"टायर," आफ्का म्हणाली.

कुणी ऐकले नाही.

"मेनो, फोन दे."

"आत्ता? अगं, ते येतंय बघ, केवढं—"

"फोन."

गाडीतल्या ब्रेकचा आवाज मला त्या एका शब्दात ऐकू आला. मेनोनेही ऐकला असावा. विमानतळाच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक त्याच्याकडे कायम असे. त्याने तो लावून फोन तिच्या हातात दिला.

"कुंपणाबाहेरून बोलतेय," ती म्हणाली. "आत्ता उडालेल्या विमानाच्या उजव्या चाकाचा रबरी पट्टा निघून पडलाय. धावपट्टीवर. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी आहे ना, तिच्या समोर, मधल्या रेषेला लागून. माझ्या हाताएवढा लांब आहे."

पलीकडच्याने काहीतरी विचारले.

"खात्री कसली? मी त्याच्याकडे बघतेय. तुमचं ते मोठं विमान त्याच्यावरच उतरणार आहे."

मेनोच्या तोंडून निघाले, "आफ्का, कारण नको हं सांगूस, अहवाल—"

"कारण सांगत नाहीये, मेनो. दिसलं ते सांगतेय."

मग तो आवाज आला. उतरत असलेले धूड जमिनीच्या इतके जवळ आले होते की त्याची चाके मोजता येत होती, आणि त्याच क्षणी मनोऱ्याने त्याला परत वर चढायला सांगितले. आठही पंख्यांनी हवा नव्याने पकडली. शिडीच्या पायरीवर ठेवलेल्या माझ्या कपातली कॉफी थरथरली. ते आमच्या डोक्यावरून, हात वर केला तर लागेल असे वाटावे इतक्या खालून, गर्जत गेले. मेनोने अक्षरे वाचली. मी वाचली. सगळ्यांनी वाचली.

"आफ्का, वर बघ!" फोक्के ओरडत होता. "अगं, एकदा तरी! वर!"

तिचा एक हात फोनवर होता, दुसऱ्याचे बोट सरळ धावपट्टीकडे. पिवळी गाडी मैदानात आली होती. काळ्या डांबरावर काळा रबर. गाडीतल्या माणसाला काही दिसत नव्हते.

"अजून पुढे," ती फोनवर सांगत होती. "घाई नको. पुढे. पुढे. आता हळू. थांब. तुझ्या डाव्या हाताला बघ. डाव्या, रे. हां, तेच."

तिच्या मानेवरचे केस वाऱ्याने उडाले. मान वळली नाही. माणूस खाली उतरला, पट्टा उचलला, आणि ज्या दिशेने फोन आला असावा असे त्याला वाटले त्या दिशेने त्याने तो उंच धरून दाखवला. तोपर्यंत मोठे विमान ढगात शिरले होते.

छोटे विमान बराच वेळ घिरट्या घालत राहिले. अग्निशामक गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. मग ते आले. वैमानिकाने आधी चांगल्या बाजूचे चाक टेकवले, दुसरे शक्य तितका वेळ हवेत धरले आणि शेवटी अगदी अलगद खाली सोडले. ते एका अंगाला कलून थांबले. आम्ही टाळ्या वाजवल्या, ज्या कुंपणाशी सहसा वाजत नाहीत. पण धावपट्टी दिवसभरासाठी बंद झाली आणि आमचे पाहुणे विमान सरहद्दीपलीकडच्या दुसऱ्या विमानतळावर निघून गेले.

"लिहून टाक," फोक्के म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "डोक्यावरून गेलं तुझ्या. आम्ही सगळे साक्षीला आहोत."

"ऐकलं मी. मागच्या वेळीही ऐकलं होतं."

"माझ्या फोटोत अक्षरं स्पष्ट आली आहेत," मेनो म्हणाला.

"मग ती तू वाचलीस." तिने शिडी मिटली. "सुंदर आलाय फोटो. त्याची एक प्रत दे मला, स्वयंपाकघरात लावीन. आता निघते, दुपारची शिकवणी आहे."

दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्राची एक मुलगी तिच्या घरी गेली. टायर कशाने फाटले असेल, असे तिने विचारले. "अहवाल येईल, तेव्हा वाचा," आफ्का म्हणाली. मग, एवढे सगळे होत असताना तुम्हाला ते प्रसिद्ध विमान बघावेसे नाही वाटले का? "वाटलं ना. खूप वाटलं." हे एवढेच वाक्य छापून आले, आणि ते वाचून आमच्यापैकी कुणालाच जेवण गोड लागले नाही.

वीजकेंद्राचा माल तिकडूनच रस्त्याने आणायचा असे घाटत होते. दोन दिवस मेनो फोन करकरून विमानतळवाल्यांचा जीव खात होता. शेवटी कळले की एवढा बोजा पेलणारा पूल वाटेत नाही. विमान पुन्हा येणार होते, गुरुवारी.

गुरुवारी सकाळी धुके होते. आफ्का आली, शिडी मांडली, आणि धुक्याच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत थर्मास उघडला. फोक्केने ठेल्यावरची उरलेली शेवंती आणली होती. ती त्याने कारण न सांगता तिच्या शिडीला बांधली. "प्रेतयात्रा आहे का?" तिने विचारले. "अजून ठरायचंय," तो म्हणाला. दुपारकडे धुके कुंपणाच्या तारेइतके उचलले गेले, मग झाडांइतके, मग पूर्वेला निळी फट पडली.

विमानाची घरघर पोटात जाणवू लागली तेव्हा मेनोने हळूच आपली शिडी फिरवली. मीही फिरवली. एकेक करून सगळ्यांनी पाठ केली. आमच्यासमोर रिकामा माळ, वाहनतळ आणि एक सायकलवाला एवढेच होते.

"हे काय चाललंय?" मागून आफ्काचा आवाज आला. "आज पहारा फोक्केचा आहे."

"मी करतोयच की," फोक्के म्हणाला.

"पहाऱ्याला एक माणूस लागतो. पाच नाही."

"आमचं बघून झालंय, आफ्का," मेनो म्हणाला. "तू बघ."

"मूर्ख आहात सगळे. एवढं लांबून येतंय ते, आणि—" पुढचे ऐकू आले नाही. जमीन थरथरू लागली होती. फोक्केची मान खांद्यावरून किंचित वळली.

"फोक्के!" त्या गर्जनेतही आफ्काचा आवाज कडाडला. "समोर बघ!"

मोठी चाके टेकल्याचा धक्का आमच्या तळपायांना लागला. आणि मग, आमच्या पाठीमागे, चौकाचौकांत ज्या आवाजाने तिने आम्हा अर्ध्या प्रांताला वळणे शिकवली त्याच आवाजात, तिने अक्षरे वाचली. एकेक. सावकाश. प्रत्येक अक्षर वेगळे. एकही चुकले नाही. आम्हाला ती पाठ होती.

पंखे थंडावत गेले. माळावर पुन्हा वारा ऐकू येऊ लागला.

"वळू का आता?" फोक्केने विचारले.

"थांबा जरा," आफ्का म्हणाली.

आम्ही थांबलो. सायकलवाला दिसेनासा होईपर्यंत पाचही जण त्याच्याकडे मोठ्या निष्ठेने पाहत राहिलो.