सिसिलियाची तडकलेली चूल

एखादी वस्तू 'आता टाकून द्या' असं कुणी म्हटलं की सिसिलिया तुस्कानोचं टाळकं सरकायचं. वसईजवळच्या गिरीजमध्ये जन्मलेली, बहरीनमध्ये चार वर्षं काढून नवऱ्याबरोबर कॅनडात आलेली आणि स्कारबरोच्या एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये सव्वीस वर्षं राबलेली ही बाई. तिचा मिक्सर तीनदा उघडून पुन्हा जोडलेला होता, थंडीच्या कोटाची चेन दोनदा बदललेली होती. गुडघा बदलायला हवा असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने आधी विचारलं की आहे तोच दुरुस्त होईल का. डॉक्टर हसले. ती हसली नाही.

निवृत्त झाल्यावर नवरा फ्रँकलिनच्या डोक्यात झाडांमधल्या घराचं खूळ शिरलं. स्कारबरो सोडून दोघं लिंडसे गावाच्या पुढे, रस्त्याच्या टोकाला असलेल्या एका बैठ्या घरात राहायला गेली. ओळखीच्यांनी कपाळावर हात मारला. तिथे ना आपली माणसं, ना सुकी मासळी मिळायची सोय! पण त्या घराच्या हॉलमध्ये विटांचं जुनं फायरप्लेस होतं आणि त्याच्या तोंडात घट्ट बसवलेला लोखंडी, काचेच्या दाराचा लाकडी स्टोव्ह होता. तिकडचे लोक त्याला इन्सर्ट म्हणतात. सिसिलियाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'चूल' ठेवलं आणि विषय संपवला.

भिंतीवर विजेचे हीटर होते, पण तिथे विजेच्या तारा झाडांमधून जातात. बर्फ पडलं की फांदी मोडते आणि दिवसदिवस वीज नसते. तेव्हा खरी ऊब चुलीचीच. फ्रँकलिन मशीनिस्ट होता. लोखंडाशी तो माणसांशी बोलावं तसं बोलायचा. त्याने बायकोला चुलीची सगळी अंगं समजावून सांगितली होती. 'आतल्या विटेला तडा गेला तर घाबरायचं नाही, वीट बदलायची. पण लोखंडाला तडा गेला, तर काडी ओढायची नाही.' हे वाक्य सिसिलियाला तोंडपाठ होतं. म्हणजे पुढे जे झालं ते माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय नाही.

फ्रँकलिन जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी मेलनी एडमंटनला, तिच्या जिवाला घोर. मागच्या ऑगस्टमध्ये ती आली आणि किचन टेबलाशी बसून तिने आईशी सौदा केला.

"वन मोर विंटर, मम्मी. काहीही झालं, एनीथिंग, तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. डील?"

"डील," सिसिलिया म्हणाली. एक हिवाळा काय, सहज काढू असं तिला वाटलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला राख काढताना डाव्या बाजूची वीट सरकली. मागे काही दिसतंय म्हणून तिने टॉर्च मारला. लोखंडाच्या भिंतीत वीतभर लांबीचा तडा होता. नखाने खरवडून पाहिला. काजळीची रेघ असती तर पुसली गेली असती. ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली. तिला चुलीची काळजी वाटली नाही, आधी मेलनी आठवली. एनीथिंग म्हणजे हेच, आणि हिवाळा अजून सुरूही झाला नव्हता.

मग ती उठली. गिरीजला नाताळच्या आधी तिची आई चूल लिंपायची. माती, चाळलेली राख आणि मूठभर मीठ. त्या चुलीला दर वर्षी भेगा पडायच्या आणि दर वर्षी त्या बुजायच्या. सिसिलियाने पहार घेतली, घरामागच्या ओढ्यावर गेली आणि अर्धवट गोठलेल्या काठावरून बादलीभर चिकणमाती खणून आणली. एकोणसत्तर वर्षांच्या बाईने, त्या गुडघ्यासकट. दुपारभर मळून तडा असा बुजवला की बोट फिरवलं तरी कळू नये. दोन दिवस बारीक आग ठेवून सुकवला. तिसऱ्या दिवशी मातीत केसाएवढी रेघ उमटली. तिने पुन्हा लिंपलं. नाताळपर्यंत चार वेळा लिंपलं आणि दर वेळी स्वतःला सांगितलं, आता बसलं.

घरात ती एकटी नव्हती. मागच्या खोलीत सप्टेंबरपासून कृतिका भाड्याने राहत होती. सांगलीची पोरगी, गावातल्या कॉलेजात शिकायची आणि संध्याकाळी ग्रोसरी स्टोअरमध्ये काम करायची. ती सिसिलियाला मावशी म्हणायची, सिसिलिया तिला बाय म्हणायची. पोरगी भांडी न सांगता घासते, एवढ्यावर सिसिलियाने तिला आपलं मानून टाकलं होतं. तड्याबद्दल मात्र तिलाही सांगितलं नाही.

आता एका टोपीची गोष्ट सांगायला हवी. आपल्या फोडणीला इथल्या घरांतले धुराचे अलार्म भितात. मोहरी तडतडली की ते छताला टांगल्याजागी बोंबलतात. त्यामुळे आपल्या बहुतेक घरांत हॉटेलातून आणलेली एक शॉवर कॅप किचनच्या ड्रॉवरमध्ये असते. मासे तळायच्या आधी स्टुलावर चढायचं, अलार्मला टोपी घालायची, जेवण झालं की काढायची. सिसिलिया स्कारबरोच्या घरातही हेच करायची. इथल्या पॅसेजमधला अलार्म धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी गॅसचाही होता, पण टोपीला त्याचं काय!

जानेवारीतल्या एका रविवारी थंडी अचानक सैल पडली. छपरावरून पाणी ठिबकत होतं. चर्चमधल्या मिसहून आल्यावर सिसिलियाने अलार्मला टोपी घातली, किचनचा हवा बाहेर फेकणारा पंखा फुल्ल केला आणि बांगडे तळले. ऊब पुरेशी होती म्हणून चुलीत दोनच ओंडके, तेही हवा कमी करून नुसते धुमसत ठेवले. जेवण झालं. टोपी काढायची राहिली. पंखाही वास जाईपर्यंत चालू राहिला.

तीनच्या सुमारास कृतिका खोलीतून बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"मावशी, डोकं फुटतंय. मळमळतंय पण."

"सर्दी झाली असेल. ये, चुलीजवळ ये. ऊब लागली की बरं वाटेल."

सिसिलियाने सोफा स्वतः ओढून चुलीपाशी नेला. पोरीला त्यावर झोपवलं, अंगावर रजई घातली, आल्याचा काळा चहा केला. कृतिकाने तो दोन घोट पिऊन ठेवून दिला आणि डोळे मिटले. सिसिलियाचंही डोकं जड झालं होतं, पण वयाकडे बोट दाखवून ती मोकळी झाली.

मग लाकडं आणायला ती बाहेर शेडकडे गेली. ओल्या बर्फातून जपून पावलं टाकत, हातात चार ओंडके घेऊन उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की डोकं हलकं झालंय. परत आत आली, ओंडके ठेवले, पाच मिनिटांत पुन्हा जड. सोफ्यावर बघितलं. पोरीचे गाल लाल झाले होते. दोन माणसांना एकाच वेळी एकच डोकेदुखी कशी होईल?

तिने वर पाहिलं. पॅसेजच्या छताला निळ्या फुलांची शॉवर कॅप होती.

स्टुलावर ती कशी चढली हे तिला नंतर आठवेना. टोपी ओढून काढली आणि थोड्याच वेळात अलार्म किंचाळायला लागला. सिसिलियाला आयुष्यात कुणाचं ओरडणं इतकं बरोबर वाटलं नव्हतं.

"बाय, ऊठ! ऊठ गं! बाहेर चल!"

कृतिकाचे पाय लटपटत होते. सिसिलियाने तिला काखेत हात घालून ओढत बाहेर नेलं, गाडीत बसवलं, सगळ्या काचा खाली केल्या आणि नाइन वन वन लावला. अग्निशमनवाले आले, मीटर घेऊन आत गेले आणि बाहेर येऊन त्यांनी एकच विचारलं, "घरात आणखी कुणी आहे?" त्या प्रश्नाने सिसिलियाला रडू फुटलं.

हॉस्पिटलमध्ये दोघींना मास्क लावून ऑक्सिजन दिला. संध्याकाळपर्यंत कृतिकाच्या चेहऱ्यावर रंग आला, डॉक्टर म्हणाले घरी जाऊ शकता. सिसिलियाने तोपर्यंत तिला सगळं सांगून टाकलं होतं, तडा, माती आणि मेलनीचा सौदा. कृतिका घाबरली होती आणि तिला रागही आला होता, आणि तो यायलाच हवा होता. मग ती हळूच म्हणाली, "मावशी, मेलनीताईंना माझ्याकडून काही कळणार नाही."

कुणालाच कळलं नसतं. एडमंटन कुठे आणि लिंडसे कुठे! सिसिलियाने तिच्या हातावर हात ठेवला.

"तुझी आई तिकडे सांगलीला माझ्या भरवशावर झोपते. तुला मी चुलीजवळ ओढून नेलं, बाय. हे लपवलं तर मी कसली माणूस?"

तिथेच खुर्चीत बसून तिने मेलनीला फोन केला आणि काही न गाळता सांगितलं.

"यू कव्हर्ड द अलार्म?"

"हो."

"अँड यू न्यू अबाउट द क्रॅक."

"डिसेंबरपासून."

"मम्मी..." मेलनीचा आवाज चिरकला. "डील इज डील."

"डील इज डील," सिसिलिया म्हणाली. "एप्रिलमध्ये कृतिकाची सेमिस्टर संपते. तोपर्यंत तिला थंडीत ठेवणार नाही. त्यानंतर घर विक. पण चूल मी आता नीट करणार. विचारत नाहीये, सांगतेय."

"विकायचंय तर चुलीवर खर्च कशाला?"

"माझ्यानंतर जो कोणी इथे आग पेटवेल त्याच्यासाठी."

त्याच आठवड्यात बेव आली. लाकडी स्टोव्ह तपासायचं लायसन्स असलेली, साठीची, कामापुरतंच बोलणारी बाई. तिने इन्सर्ट बाहेर ओढून मातीचा लेप बोटाने उकलला. लेपामागचा तडा आता कोपऱ्यापर्यंत पोचला होता.

"लोखंड तापलं की फुगतं, माती फुगत नाही," बेव म्हणाली. "तुमची आग बारीक होती, बाहेर हवा गरम, वर पंखा चालू. चिमणीने ओढायचं ते पंख्याने ओढलं, आणि तड्यातून सगळं घरात आलं. तुम्ही जाळता काय यात?"

सिसिलियाने शेडमधलं पोतं दाखवलं. करवंट्या. स्कारबरोची मंडळी सणावाराला तिच्यासाठी साठवून आणायची. गिरीजला अंघोळीचं पाणी यांच्यावरच तापायचं. बेवने एक करवंटी हातात घेऊन वजन पाहिलं.

"एखाददुसरी चालेल. पोतंभर घातलंत तर लोखंड लालच होणार."

म्हणजे तडाही सिसिलियानेच पाडला होता. हे ऐकून तिला आतून कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. पण तिने सबब शोधली नाही. दुरुस्त होईल का, हेही या वेळी विचारलं नाही. "घेऊन जा," म्हणाली, आणि फ्रँकलिनची चूल दारातून बाहेर जाईपर्यंत उभी राहिली.

चिमणीत नवा पाइप उतरला, फायरप्लेसमध्ये नवा, लहानसा इन्सर्ट बसला. बेवने सर्टिफिकेट दिलं. सिसिलियाने हॉलमध्ये, पॅसेजमध्ये आणि कृतिकाच्या दाराशी असे तीन अलार्म लावले. तळण असेल तेव्हा पंख्याबरोबर चुलीजवळची खिडकी चार बोटं उघडी, हा नियम झाला. करवंट्यांचं पोतं तिने स्वतः गावाच्या कचरा डंपवर नेऊन टाकलं.

मार्चच्या शेवटी मेलनी आली. सोमवारी घर बघायला रियल्टर, म्हणजे घरं विकून देणारी एजंट, येणार होती. शनिवारी सिसिलियाने मुलीसाठी सुरमई तळायला घेतली, खिडकी उघडी होती तरी तेल जरा जास्तच तापलं आणि पॅसेजमधला अलार्म किंचाळला. लहानपणाच्या सवयीने मेलनीचा हात थेट ड्रॉवरमध्ये गेला. स्कारबरोच्या घरात हे तिचंच काम होतं. मागे सरकलेली एक जुनी शॉवर कॅप तिला सापडलीसुद्धा, आणि ती घेऊन ती स्टुलावर चढली.

"खाली उतर," सिसिलिया म्हणाली.

"मम्मी, इट्स जस्ट द फिश!"

"मला माहीत आहे मासाच आहे. उतर. वाजू दे."

सिसिलियाने गॅस बंद केला, दार सताड उघडलं. बाहेर उणे बारा होतं. कृतिका न सांगता दुसरी खिडकी उघडून आली. तिघी कोट न घालता कुडकुडत उभ्या राहिल्या आणि तो अलार्म डोक्यावर बोंबलत राहिला. मेलनी स्टुलावर तशीच उभी होती, आईच्या तोंडाकडे बघत. तीन-चार मिनिटांनी आपसूक आवाज थांबला. सिसिलियाने दार लावलं, मुलीच्या हातातली टोपी घेतली आणि कचऱ्यात टाकली. मग सुरमई पुन्हा तव्यावर ठेवली.

जेवताना मेलनी फारशी बोलली नाही. जेवण झाल्यावर तिने चुलीचं काचेचं दार उघडलं, एक ओंडका आत सरकवला, दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

"पुढच्या विंटरचं लाकूड कधी मागवायचं असतं?"

"आत्ता. उन्हाळाभर सुकावं लागतं." सिसिलिया ताटं गोळा करत होती. "यंदा नाही मागवलं. घर विकायचंय ना."

"किती लागतं?"

"तीन कॉर्ड. शेड गच्च भरेल एवढं."

मेलनीने खिशातून फोन काढला. "लाकूडवाल्याचा नंबर सांग," ती म्हणाली, "आणि त्या रियल्टरचा पण दे. सोमवारी येऊ नको म्हणून सांगते."

सिसिलियाच्या हातातली ताटं तशीच राहिली. लाकूडवाल्याचा नंबर तिला तोंडपाठ होता, तरी तो तिला दोनदा सांगावा लागला.