नवी मुंबईतली सगळ्यात शांत जागा

लोक नवी मुंबईत फ्लेमिंगो बघायला येतात, मॉल बघायला येतात, हल्ली विमान पकडायलाही येतात. मी आले शांतता शोधायला. हसू नका, पगारी कामासाठीच आले होते.

या ब्लॉगवर मी डोंगरवाटा आणि खाणं याबद्दल लिहिते, पोटापाण्याचं लिहीत नाही. यावेळी इलाज नाही. मी गेली बरीच वर्षं जर्मनीत भौतिकशास्त्रात संशोधन करते. लोखंडाच्या अणूत सव्वीस इलेक्ट्रॉन असतात. त्यातले बरेचसे ओरबाडून काढले की उरलेले केंद्रकाला इतके घट्ट बिलगतात, की बाहेरच्या जगाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. असा एकच ओरबाडलेला अणू, म्हणजे आयन, हवा काढून टाकलेल्या, भयंकर थंड पेटीत अधांतरी धरून ठेवायचा आणि त्याच्या प्रकाशाचा रंग जमेल तितका अचूक मोजायचा, हा माझा धंदा. त्यातून घड्याळं सुधारतात. निसर्गाचे नियम खरंच कायम आहेत की हळूहळू सरकताहेत, हेही तपासता येतं. तो एकटा आयन आठवडेच्या आठवडे तिथे असतो. नवे विद्यार्थी त्या खोलीत पहिल्याच दिवशी आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. का, ते कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही, आणि मी तिथे अर्धं आयुष्य घालवलंय.

तर नवी मुंबईतल्या एका संस्थेला आयन धरून ठेवणारी अशी पेटी, म्हणजे सापळा, इथे उभारायचाय आणि त्यांनी मला बोलावलं. अडचण एकच, जमीन शांत हवी. जमिनीचा बारीक थरकापही मोजणी बिघडवतो. त्यांच्याकडे तीन जागा होत्या. एक जरी पास झाली तरी मी कायमची घरी परत. तिन्ही नापास झाल्या तर प्रकल्प गुंडाळला जाणार आणि मी पुन्हा जर्मनीत. नेरुळच्या सारसोळ्याला माझा बाबा एकटा राहतो; भिंतीला भिंत लागून चुलतभावाचं आणि वहिनीचं घर, मध्ये एक दार. आई गेल्यापासून मला रोज वाटतं की आपण तिथे असायला हवं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्यानेही कधी 'ये' म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पोचले. सामानात भूकंप मोजतात तसली दोन लहान यंत्रं होती. एक घेऊन फिरायचं, दुसरं एका जागी ठेवून द्यायचं. कुठे लांब काही आदळलं तर दोन्हींत दिसतं, एकाच यंत्रात दिसलं तर ते त्या जागेचं. दुसरं यंत्र मी घरी ठेवलं, माझ्या जुन्या खोलीत, फरशीवर. दार ओढून घेतलं आणि बाबाला सांगितलं की या खोलीत कोणी जायचं नाही. बाबा आधी खाडीत मासेमारी करायचा, मग एका कंपनीत नोकरीला लागला, आता काठी घेऊन चालतो. ह्याने काय होतं, असं त्याने विचारलं. मी गमतीत म्हटलं, हे जितकं गप्प राहील तितकी मी लवकर घरी येईन. तो हसला नाही. मान हलवून म्हणाला, "बरा हाय."

पहिली जागा वाशीच्या एपीएमसी मार्केटच्या मागे. संस्थेतला इंजिनीअर संदीप गाडी घेऊन आला होता. हा मूळचा साताऱ्याकडचा, वडील याच मार्केटात माथाडी होते, त्यामुळे त्याला प्रत्येक गल्ली पाठ. कांद्याच्या गाळ्यांपासून जरा लांब आम्ही यंत्र मांडलं. पडद्यावरची रेघ अशी पिसाटली की बघवेना. चमत्कारिक गोष्ट पुढे झाली. दुपारी ट्रक थांबले, हमाल जेवायला बसले, सगळीकडे सामसूम झाली, आणि रेघ थरथरतच राहिली. कोण काय उचलतंय ते काही दिसेना. मी संदीपकडे पाहिलं.

"मॅडम, इथली जमीन सुट्टी घेत नाय," तो म्हणाला.

बहुतेक कुठल्या तरी शीतगृहाचे पंप असावेत. जागा नापास. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, गाडी लांब लावा, आणि हमालांच्या वाटेत फोटो काढत उभे राहू नका, शिव्या बसतात. मार्केटच्या बाहेर झुणका-भाकरी झकास मिळते, दोघांचं पोट शंभर-दीडशेत भरतं.

शनिवारी दिवाळे. बेलापूरच्या खाडीकाठचं कोळ्यांचं गाव, स्टेशनवरून रिक्षाने थोड्या वेळात पोचता. जागा गावाच्या पुढे, भरावाची. बांबूंवर बोंबील वाळत होते, बायका मासळी निवडत होत्या. मी मासळी घ्यायच्या आधी यंत्र मांडून बसले, हा गाढवपणा. चांगली कोळंबी तोवर संपली. एका मावशीने पेटीवर लुकलुकणारा दिवा पाहिला.

"जिता हाय का काय त्यान?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, ही जमिनीचं ऐकते. तिने टोपली उचलली आणि जरा लांब जाऊन बसली.

त्या दिवशी रेघ थरथरली नाही, कलली. सकाळपासून दुपारपर्यंत ती एकाच बाजूला सावकाश सरकत गेली आणि मग तितकीच सावकाश परत आली. भरती, ओहोटी. पाणी समोर दिसत होतं त्याहून बरंच आत, आमच्या पायाखाली येत होतं. मी याच खाडीची पोर, मला यात नवल वाटायला नको. तरी वर उभ्या असलेल्या टोलेजंग इमारती पाहिल्या आणि त्या सगळ्या, आतल्या माणसांना काही न कळता, एकाच वेळी केसभर कलून सरळ होतात हे मनात आलं, तेव्हा मी नजर खाली वळवली. जागा नापास.

उरली एक. रविवारी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, औद्योगिक पट्ट्यातल्या एका बंद कारखान्यात गेलो. खाली सलग काळा कातळ, रेल्वे लांब. आत शेडमध्ये गमबुटांची रांग तशीच होती, पुढची टोकं दाराकडे करून. भिंतीवर फळा होता, 'अपघाताविना गेलेले दिवस', आणि खाली खडूने आकडा. आकडा ताजा होता. कारखाना बंद होऊन वर्षं झाली, आत चिटपाखरू नाही, मग हा लिहितं कोण? रखवालदार जरा ओशाळून म्हणाला, मीच. येतो तेव्हा फळा पुसून आकडा एकने वाढवतो, सवय लागली आहे. माणूसच नाही म्हटल्यावर अपघात कुठून होणार, असं संदीप त्याला म्हणाला. त्याने खडू खिशात टाकला.

यंत्र लावलं आणि मी पडद्याकडे बघतच राहिले. रेघ जवळजवळ सरळ. संदीप खोकला, तर खोकला दिसला. आम्ही बाहेर निघालो, तर आमची पावलं लहान लहान होत गेली, आणि मग काहीच नाही. अशी शांतता मी जर्मनीतही क्वचित पाहिली आहे. यंत्र तसंच चालू ठेवून आम्ही फाटकापाशी टपरीवर वडापाव खाल्ला. संदीप खूश होता. मी तर हवेत होते. बाबाला फोन लावला, की बाबा, मिळाली जागा, मी येते. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा नाही. वाटलं, जेटीवर गेला असेल, फोन घरीच विसरला असेल.

संध्याकाळी घरी गेले तर तो खुर्चीत बसला होता, टीव्ही बंद. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा. म्हणाला जेटीवर गेलो होतो. मग विचारलं, "मिलली?" मी म्हटलं, बहुतेक. "मंग बरा झाला," तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला.

सोमवारी सकाळी मी दोन्ही यंत्रांच्या रेघा एकाखाली एक लावल्या. कारखान्याची रेघ सुंदर. खाली घरची. घरच्या रेघेत संसार दिसतो: फ्रिज सुरू होतो, बंद होतो, मोटर पाणी चढवते. बाबाची चाल तर लगेच ओळखू येते, पाऊल, पाऊल, काठी. रविवारी दुपारी ती चाल स्वयंपाकघराकडून आली. मग एक मोठा धक्का. त्यानंतर काठी नाही, पाऊल नाही.

फ्रिज सुरू झाला. बंद झाला. पुन्हा सुरू झाला. घरात माणूस नसल्यासारखी रेघ. त्या शांततेत मध्येच एक बारीक थरथर होती, ठरावीक अंतराने, थांबून पुन्हा. हे कोणतं यंत्र, ते मला आधी कळेना. मग वेळ पाहिली. बाबाचा फोन स्टुलावर कंप पावत होता. तो माझाच कॉल होता. मी त्याला सांगायला निघाले होते की जागा मिळाली.

त्यानंतरही बराच वेळ काही नव्हतं. मग काहीतरी जड फरशीवरून घसटत माझ्या खोलीच्या दारापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. दार उघडलं गेलं नाही. मी मागे वळून दाराकडे पाहिलं. बाबा शेजारच्या खोलीत चहा पीत होता, मला कपबशीचा आवाज येत होता, आणि तरीही क्षणभर वाटलं की तो अजून त्या दाराबाहेर पडलेला आहे.

मी लॅपटॉप उचलून त्याच्यापुढे नेला आणि रेघ दाखवली. त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"ये माजा चालना हाय?"

"हो. आणि हे पडणं. बाबा, हाक का नाही मारलीस? वहिनी शेजारीच आहे. भिंतीवर थाप मारली असतीस तरी ती आली असती."

त्याने सदऱ्याची बाही खाली ओढली. मग अगदी हळू म्हणाला, "मशीन चालू व्हती ना. आवाज झाला असता त जागा मिलली नसती. मंग तू आली नसतीस. म्हनून गप पडून रेलू."

मी त्याला समजावत होते की हे यंत्र जागेसाठी नव्हतंच, घर पास-नापास व्हायचं नव्हतं, नाचला असतास तरी चाललं असतं. सांगता सांगता मला रडू आलं.

त्याच दिवशी नेरुळला डॉक्टरकडे नेलं. त्याच्या हृदयाचे ठोके मध्येच मंद पडतात, म्हणून तो पडला. आधीही एकदा पडला होता, ते डॉक्टरांसमोर बोलला. पेसमेकर बसवला. कोपरावरचं काळंनिळं ओसरायला वेळ लागला. मी तिकीट पुढे ढकललं, वहिनीने मधलं दार उघडं ठेवायचं कबूल केलं, आणि मी जर्मनीत परतले ते सामान आवरायला. संस्थेचा निर्णय अजून आलेला नाही. येवो न येवो, मी राजीनामा दिला आहे. जागा नाही मिळाली तर कुठल्या तरी कॉलेजात शिकवीन. कारखान्याच्या रेघेखाली मी सही केली आहे, ती खरोखरच चांगली जागा आहे.

इथे जर्मनीतल्या प्रयोगशाळेत मात्र आता मला पूर्वीसारखं बसवत नाही. सगळं शांत झालं की मी उठून दार उघडते. विद्यार्थी बघत राहतात. बघू देत.

बाबाला रोज फोन करते. तो उचलतो आणि काही बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मग दबक्या आवाजात विचारतो, "आता बोलू का?"

बोल, बाबा. मोठ्याने बोल.