कोसंबरीत मीठ कधी घालायचं

बंगळुरात उन्हाळा नसतो, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आले. पुण्याहून एप्रिलमध्ये कुणी पाहुणा आला की त्याला आधी बाल्कनीत उभं करायचं आणि विचारायचं, "काय, तुमच्याकडे येतो का असा वारा?" तो बिचारा घाम पुसत "नाही" म्हणायचा. आता आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीत घरोघरी एसी लागलेत, मार्चपासून फाटकाशी टँकर उभे असतात, तरी माझं पालुपद चालूच होतं. एकदा मत बनवलं की बनवलं, असा माझा स्वभाव. बहुतेक वेळा त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. एकदा बिघडलं, आणि ते अजून मला नीट झोंबतं.

अक्का मूळची निपाणीकडची. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण सगळे अक्का म्हणत म्हणून मीही म्हणे. ती मला वैनी म्हणायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीत भावाकडे राहून ती चार घरी पोळ्या लाटत असे. मग सरकारची एक योजना आली. गावाकडचं खाणं करणाऱ्या बायकांना स्वच्छतेचं शिक्षण द्यायचं, परवाना काढून द्यायचा, एक मोठी बर्फाची पेटी द्यायची आणि शहरातल्या सोसायट्यांमध्ये रविवारी विकायला जागा मिळवून द्यायची. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. आमच्या सोसायटीतल्या खाण्यापिण्याच्या कार्यक्रमांची सूत्रं माझ्याकडे असत, त्यामुळे अक्काला आणलं मीच. कमिटीपुढे मी भाषण ठोकलं. डबाबंद सूप पिऊन आपली पोरं चव विसरली, म्हटलं, दारात ज्वारीची भाकरी येते आहे तर येऊ द्या.

आणि आली ती नुसती भाकरी नव्हे. शेंगदाण्याची चटणी, तेलात परतलेली भरली वांगी, दही-बुत्ती म्हणजे दहीभात. नागपूरकर, मुंबईकर, तमिळ, बंगाली सगळे रविवारी अकरापासून रांगेत उभे. तीन महिने सुरळीत गेले की सोसायटीने 'तक्रार नाही' असं पत्र द्यायचं, आणि मग फाटकाजवळची रिकामी खोली योजनेतून तिला कायमची मिळायची. अक्काचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता. स्वयंपाकघरातल्या ओट्याला त्यांच्याकडे कट्टा म्हणतात. ती म्हणायची, "दुसऱ्याच्या कट्ट्याला बारा वर्सं उभारलो बघा वैनी. आता माझ्या कट्ट्याला उभारणार." त्यांच्या भागात उभं राहणं म्हणजे 'उभारणं', आणि बायकाही 'उभारलो', 'आलो' असंच बोलतात. मला ते ऐकायला फार आवडायचं.

शिक्षणात जे सांगितलं ते तिने वेदवाक्य मानलं होतं. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी, पट्टीवर काळ्या पेनाने वेळ लिहिलेली. किती वाजता शिजवलं, किती वाजता पेटीत गेलं. मी चिडवायची, "अक्का, तू स्टेशनमास्तर व्हायचीस, चुकून इकडे आलीस."

"हसा की," ती म्हणायची. "भिजल्याली डाळ, ओलं खोबरं, दोन तासाच्या वर भाईर ठेवायचं न्हाई म्हणून सांगितल्यात. उन्हाळा हाय न्हवं?"

"इथे कुठला आलाय उन्हाळा!"

तिसरा महिना संपायला आठवडा उरला होता आणि रामनवमी आली. बंगळुरात त्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव घालून गुळाचं पानक, ताक आणि कोसंबरी वाटतात. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मूगडाळ, काकडी, कैरी आणि ओलं खोबरं, वरून लिंबू नि फोडणी. आपल्या कोशिंबिरीची इथली बहीण. यंदा आपल्या क्लबहाउसमध्ये करू या, असं मी ठरवलं आणि काम अर्थात अक्काला दिलं.

सकाळी आठला ती पेटी घेऊन आली. तिला लगेच इथल्या शिवाजीनगरला जायचं होतं, योजनेतल्या बायकांची तिथे बैठक होती. तिने पेटी उघडून मला दाखवलं. डाळ निथळून एका डब्यात, काकडी-कैरी दुसऱ्यात, खोबरं तिसऱ्यात, मीठ-लिंबू-फोडणी बाजूला. "वैनी, पूजा झाली की मग कालवायचं. वाटायच्या टायमाला. आधी मीठ घातला की पाणी सुटतंय, आणि बर्फातनं काढला की डाळ आंबतीय. सरी?" म्हणजे कानडीत, बरं का? निघताना दारातून वळून तिने तेच पुन्हा सांगितलं. मला जरा रागच आला. मी काय काल स्वयंपाकाला लागले होते?

साडेआठला मी सगळं कालवलं.

का, तर माझ्या मदतीला आलेल्या तिघी नऊला ऑफिसच्या कॅबने जाणार होत्या. आणि पितळेच्या मोठ्या परातीत ती हिरवी-पिवळी कोसंबरी, भोवती झेंडूची माळ, असं टेबल मांडून मला फोटो काढायचा होता. पेटी रिकामी झाली होती, मग पाहुण्यांसाठी आणलेल्या सरबताच्या बाटल्या मी तिच्यात घातल्या. बर्फ वाया कशाला घालवा? पाहुणे, म्हणजे कीर्तन करणारे एक गृहस्थ, साडेदहाला येणार होते. ते रहदारीत अडकून पावणेएकला पोचले. पूजा, कीर्तन, आरती होऊन द्रोण भरायला लागलो तेव्हा दोन वाजायला आले होते. परात काचेच्या भिंतीशी होती आणि बारानंतर तिथे ऊन येतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे दिसलं. कळून घ्यायचं नव्हतं.

माझा उपास होता. रामनवमीचा मी निर्जळी नाही, पण कडक धरते, त्यामुळे कोसंबरीचा कणही मी तोंडात घातला नाही. शेजारीण एक घास घेऊन म्हणाली, "जरा आंबट लागतेय का गं?" मी चव न घेता ठणकावलं, "कैरी आहे त्यात. आंबट लागणारच."

वाटप संपत आलं असताना अक्का परतली. तिने रिकामी परात बघितली, मग पेटीचं झाकण उघडलं. आत बाटल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कुणाला तरी पानक देण्यात गर्क झाले. तिने एकेक बाटली काढून टेबलावर ठेवली, पेटी पुसली आणि गेली.

संध्याकाळी सहाला पहिला फोन आला, आठपर्यंत अकरा. उलट्या, जुलाब, पोटात कळा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना सलाइन लावावं लागलं. ते चार दिवसांत बरे होऊन घरी आले, त्यांची नातसुद्धा बरी झाली, पण ते चार दिवस मी देवापुढून उठले नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र निकाल लागूनही गेला होता. बाहेरच्या बायकांचं खाणं, कुठल्या पाण्याने करतात कोण जाणे, सरकारी योजना म्हणजे असंच. ज्यांनी तीन महिने रांगेत उभं राहून भाकऱ्या नेल्या तेच लिहीत होते. मी दोनदा काहीतरी टाइप केलं आणि दोनदा पुसलं.

रविवारी कमिटी बसली. अक्काला बोलावलं होतं, ती दाराजवळच्या खुर्चीवर पदर घट्ट लपेटून बसली होती. अध्यक्ष भला माणूस. त्याने सरळ मला विचारलं, "मॅडम, जैसा उन्होंने बताया था, वैसे ही रखा था ना?"

एका वाक्याचं काम होतं. पण वीस वर्षं मी या लोकांना मोदकांपासून पुरणापर्यंत सगळं शिकवत आले होते. आजोबांची सून समोर बसली होती, तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला भीती वाटली. त्याहून जास्त लाज वाटली. मी म्हणाले, "हो, जसं आलं तसंच वाढलं."

अक्काला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी सकाळी आठला दिलो होतो. बर्फात." पुढे तिने काही जोडलं नाही, आणि मी मूग गिळून बसले.

योजनेचा अधिकारी येऊन गेला. त्याने नीट, न ओरडता चौकशी केली आणि आम्ही जे सांगितलं ते लिहून घेतलं. मग अक्काची परवानगी रद्द झाल्याचं पत्र आलं. पेटी परत गेली. फाटकाजवळची खोली आता कुरिअरची पार्सलं ठेवायला वापरतात. अक्का पुन्हा चार घरी पोळ्या लाटायला लागली, असं कुणाकडून तरी कळलं. मला हळहळ वाटली, ती मी चारचौघांत बोलूनही दाखवली. निर्लज्जपणालाही काही सीमा असते, पण मला ती सापडली नव्हती.

खरं लिहायला मला वर्ष लागलं. पुढच्या रामनवमीला क्लबहाउसमध्ये बंद पुड्यांतला चिवडा वाटला. ती पुडी हातात घेतली आणि मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन मी कमिटीला पत्र लिहिलं. मी काय केलं, किती वाजता केलं, आणि नंतर काय खोटं बोलले. एक प्रत योजनेच्या कार्यालयाला धाडली. कमिटीचं उत्तर दोन ओळींचं आलं: प्रामाणिकपणाबद्दल आभार, विषय गेल्या वर्षीच संपला आहे. कार्यालयाने कळवलं की अर्ज नव्याने करता येईल, मात्र या वर्षीची यादी पूर्ण झाली आहे.

दोन्ही उत्तरं आणि माझं पत्र घेऊन मी मेट्रोने बनशंकरीला गेले. अक्का नुकतीच कामावरून आली होती. तिने मला बसायला चटई घातली, पाणी दिलं, आणि पत्र उभ्यानेच वाचलं. सावकाश, ओठ हलवत. नखांत कणीक वाळलेली होती.

"बरं लिवलाय," ती म्हणाली आणि घडी घालून तिने ते माझ्या हातात परत दिलं.

"अक्का, चुकलं माझं." ते इतकं तोकडं वाटलं की मी घाईने पुढे बोलत सुटले. "पण तू का नाही बोललीस गं? तू पेटी उघडून बघितलीस. तुला सगळं ठाऊक होतं. त्या मीटिंगमध्ये तू एक शब्द बोलली असतीस तर..."

"माझं कोण ऐकत होतं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला आणखी वाईट वाटलं. "आणि मी बोलून तुमच्यावर आणायचं कशाला? मी म्हटलं, आज सगळ्यांच्या म्होरं वैनीला अवघड झालंय. घरी जाऊन इचार करतील, उद्या सांगतील. परवानगी गेल्याचा कागद यायला पंधरा दिवस लागलं. पंधरा दिवस फोन कमरेला खोचून पोळ्या लाटलो. म्हटलं, वैनीचा येईल, पिठाच्या हातानं चुकायला नको."

त्या पंधरा दिवसांत मी तिला एकदाही फोन केला नव्हता.